माझ्या राक्षसाला तोंड कुणाचं?

मी एक ठोकळा बोलतोय. लाकडाचा, दोन तळहात शेजारी ठेवले तर झाकला जाईन एवढा. माझ्यावर राक्षस कोरलेला आहे असं लोक म्हणतात. मला स्वतःला खात्री नाही. माझ्यावर जे काही आहे ते सगळं उलटं आहे, सुलटं होतं ते कागदावर, आणि कागद लगेच विकायला जातो. ज्याला आपलं रूप कधी सरळ दिसलंच नाही त्याने स्वतःबद्दल ठासून काय बोलावं?

जन्माचाही घोळच आहे. काळ्या समुद्राकडच्या डोंगरात एक पिवळसर, हाडासारखं घट्ट झाड होतं, ते मी. हे झाड इतकं सावकाश वाढतं की रुंद खोड मिळतच नाही. म्हणून लंडनच्या सुताराने चार तुकडे मागून स्क्रूंनी आवळले आणि एक ठोकळा केला. मी एक आहे की चार, इथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या बोळात टॅपस्कॉट मंडळींचा छापखाना आहे. तिथून दर शनिवारी 'थरथराट' नावाचा अंक निघतो, किंमत एक पेनी. ओबडाया क्राउच नावाच्या तरुण कोरणीवाल्याने माझ्यावर चित्र कोरलं. उघडी उंच खिडकी. आत पलंग. पलंगावर झोपलेली मुलगी, आणि तिच्यावर वाकलेला काळ्या झग्यातला उंच माणूस.

त्या माणसाला पहिलं तोंड दिलं ते एका सरदाराचं. बारीक मिशी, चढवलेली भुवई. तेव्हा पाव महाग होता, भाडी महाग होती, आणि सरदार मंडळी चार घोड्यांच्या गाडीतून चिखल उडवत जायची. गोष्टीतला सरदार गरिबांच्या मुलींचं रक्त प्यायचा. धोबिणी, शिंपी, गाडीवान अंक घ्यायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "अगदी आमचा घरमालक!"

मला वाटलं, आपण सरदार. ठरलं. पण काही वर्षांनी क्राउचने एक गिरमिट घेतलं आणि माझं तोंडच काढून टाकलं.

आमच्या धंद्यात ही रीतच आहे. नवा ठोकळा महाग पडतो. म्हणून जुन्यावर जेवढं बदलायचं तेवढंच भोक पाडून काढतात, त्यात त्याच लाकडाचा नवा तुकडा ठोकून बसवतात आणि त्यावर नवीन कोरतात. कागदावर सांधा दिसत नाही. मला मात्र दिसतो.

दुसरं तोंड डॉक्टरचं. गरीबखान्यात मेलेल्या माणसाला न्यायला कुणी आलं नाही तर त्याचं प्रेत डॉक्टरांच्या टेबलावर जायचं. त्या भीतीने बायाबापड्यांची झोप उडाली होती. झगा तोच, खिडकी तीच, पण आता मी प्रेतं कापणारा. तिसऱ्या वेळी कुणा विद्वानांनी म्हणे माणूस माकडापासून झाला असं लिहिलं, आणि सगळा देश आरशात बघून दचकायला लागला. मला जबडा आला, कपाळ गेलं, गालांवर केस उगवले. 'याच्या आत माणूस आहे की जनावर' असं खाली छापायचे. मलाही तेच विचारायचं होतं.

मुलगी मात्र तीच राहिली. सरदार गेला, डॉक्टर गेला, माकड आलं, ही आपली झोपलेली. खिडकी उघडी का ठेवलीस, एवढंही तिला कुणी विचारलं नाही.

क्राउच म्हातारा झाला, त्याची नजर गेली आणि पुढे तोही गेला. त्याची मुलगी थर्झा टॅपस्कॉटांच्या एडविनशी लग्न करून आमच्या घरात आली. खाली छापखाना आणि त्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर खोल्या. ओल लागू नये म्हणून मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवत, त्यामुळे या घरातलं सगळं माझ्या कानांवर पडतं. थर्झा कमी बोलायची. नव्या घरात आलेल्या मुली बघतात जास्त. सासूला चहात दूध आधी लागतं की नंतर, सासऱ्याचा आवाज कुठल्या पायरीपासून चढतो, नवरा कुठल्या वाक्याला गप्प बसतो, हे तिने आठवड्याभरात पाठ केलं. नवरा तसा गरीब. राक्षसांच्या गोष्टी तोच लिहायचा आणि मांजर आडवं गेलं तर परत घरात यायचा.

एका सकाळी न्याहारीला जोसाया टॅपस्कॉट, म्हणजे सासरे, टोस्टवर मुरंबा फासत म्हणाले, "माकड आता चालत नाही. परवा बाजारात एक जण माझा अंक दाखवून पोरीला सांगत होता, हा बघ तुझा पणजोबा. आणि पोरगी हसत होती. हसत होती, एडविन! माझ्या राक्षसाला!"

"मग काय करायचं, बाबा?"

"लोक सध्या कशाला घाबरतात ते बघायचं, दुसरं काय!"

"मला विचाराल तर जिन्यावरच्या त्या कोबीच्या वासाला," सासूबाई केझाया म्हणाल्या.

टोस्ट सासऱ्यांच्या तोंडापाशीच थांबला. कोबीचा वास पोटमाळ्यावरून यायचा. तिथे झेलेन्का नावाचा बोहेमियाचा माणूस भाड्याने राहत होता. उंच, फिकट, गालफडं बसलेली.

"दिवसभर झोपतो," सासरे हळूच म्हणाले.

"अंधार पडला की ती काळी लांब पेटी घेऊन बाहेर," सासूबाईंनी भर घातली.

"आई, तो थिएटरात वाजवतो. पेटीत व्हायोला असतं, व्हायोलिनचा मोठा भाऊ," एडविन म्हणाला.

"तू उघडून बघितलंयस?"

एडविन गप्प बसला. हेच ते वाक्य.

"आणि त्याच्या गळ्यावर डाग आहे," सासूबाई म्हणाल्या. "इथे, जबड्याखाली. दात लागल्यासारखा. दूधवाली म्हणते, तिने त्यांच्या देशातल्या लोकांबद्दल काय काय ऐकलंय."

"झालं तर मग!" सासऱ्यांनी टेबलावर हात मारला. "गोदीवर रोज बोटी भरभरून परके उतरतायत. आपल्या लोकांच्या खोल्या जातायत, कामं जातायत, रोगराई येतेय ती वेगळीच. सगळं लंडन धास्तावलंय आणि त्याचं तोंड माझ्याच पोटमाळ्यावर, भाडं भरून राहतंय! थर्झा, बाळ, बापाचा हात तुझ्या हातात उतरलाय. चित्र काढायला वेळ नाही. ठोकळा घेऊन वर जा, त्याच्याकडे बघ आणि थेट कोर. आणि तो डाग विसरू नकोस हं, तीच तर गंमत आहे."

थर्झा कपबशा गोळा करत होती. ती म्हणाली, "बाबा, त्यांची बायको आणि मुलगी येणार आहेत शनिवारी. बोटीने. आईंनी खोली द्यायचं कबूल केलंय."

"मी 'बघू' म्हटलंय," सासूबाई म्हणाल्या. "बघू म्हणजे हो नव्हे."

"गल्लीने त्यांना ओळखलं तर?"

"ओळखलं पाहिजे!" सासरे म्हणाले. "त्याशिवाय खपणार कसा?"

"आणि दारात दंगा झाला तर मी त्याला एक दिवस ठेवायची नाही, आधीच सांगते," सासूबाई म्हणाल्या. "मग बायको येवो नाहीतर राणी येवो."

म्हणजे असं होतं. माझं तोंड त्या माणसाचं झालं की त्याचं छप्पर जाणार, आणि बोटीवरून उतरलेली त्याची माणसं फुटपाथवर. हे थर्झाला कळलं होतं, मलाही कळलं होतं. पण ती नवी सून आणि मी लाकूड. दोघांनाही 'नाही' म्हणायची सवय नव्हती.

तिने मला एप्रनमध्ये गुंडाळून वर नेलं. पोटमाळा मी पहिल्यांदाच पाहिला. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला टेकवलेली ती पेटी. पेटी उघडी होती आणि आत खरंच व्हायोला होतं. मला उगीच थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं राक्षसगिरी केल्यावर पेटीत काहीतरी निघावं अशी सवय होते.

थर्झाने वाळू भरलेली चामड्याची उशी मांडीवर घेतली, मला तिच्यावर ठेवलं, गिरमिटाने माकड काढलं आणि नवा तुकडा बसवला. गोष्टीच्या चित्रासाठी म्हटल्यावर झेलेन्का समोर खुर्चीवर अगदी ताठ बसला. जणू राजवाड्यासाठी चित्र काढून घेतोय.

"इथे कुणी माझ्याकडे इतका वेळ बघत नाही," तो म्हणाला. "जिन्यात बायका भिंतीकडे तोंड करतात. मला वाटलं, तुमच्याकडे अशी रीत असेल. मीपण करतो मग."

थर्झाला हसू आलं आणि ते तिने दाबलं, हे मला तिच्या बोटांतून समजलं.

"तो डाग कसला, हो?" तिने विचारलं.

"हा? व्हायोला इथे दाबून धरावं लागतं ना. लहानपणापासून. माझी बायको म्हणते, लग्न आधी याच्याशी झालंय." त्याने खिडकीकडे बोट केलं. "मुलीचा पलंग तिथे ठेवीन म्हणतोय. वारा लागेल का हो? इकडे दूध बरं मिळतं? ती दुधाशिवाय झोपत नाही. आणि मी गोष्टीत कोण आहे?"

"एक माणूस."

"चांगला?"

कोरणी थांबली. "अजून ठरलं नाही," थर्झा म्हणाली.

आता पुढे जे झालं ते मला आजही नीट उमगत नाही. थर्झाने त्याच्याकडे बघितलं आणि जसं दिसत होतं तसंच कोरलं. डाग ज्या बाजूला दिसत होता त्याच बाजूला. पण ठोकळ्यावर जे कोरलं जातं ते कागदावर उलटं उमटतं, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून कोरणीवाले आधी आरशात बघून घेतात. कोरणीवाल्याच्या मुलीने आरसा घेतला नाही. घाईत विसरली? सासऱ्यांनी थेट कोर म्हटलं म्हणून थेट कोरलं? की आणखी काही? तिचा चेहरा माझ्यावर वाकलेला होता, इतका जवळ, तरी मला वाचता आला नाही.

शनिवारी सकाळी अंक निघाला. सासऱ्यांनी पहिलं पान दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं आणि 'हाच तो मूळ ठोकळा' अशी पाटी लावून मला शेजारी मांडलं. त्यामुळे मी सगळं बघितलं.

आधी दूधवाली मिसेस डॅबनी थांबली. मग कोळशाची पोती वाहणारा ॲम्ब्रोस टकवेल. मग न्हावी पिम, हातात वस्तरा तसाच. पाहता पाहता बोळ भरला. अंक हातोहात चालले होते. तेवढ्यात झेलेन्का जिना उतरून दारात आला. धुतलेला शर्ट, चोपून बसवलेले केस, हातात मुलीसाठी मनुका घातलेला बन. त्याला गोदीवर जायचं होतं.

"हाच तो!" टकवेल ओरडला आणि आडवा उभा राहिला.

झेलेन्काने टोपी काढली. "हो, मीच," तो खुशीत म्हणाला. "थर्झाबाईंनी काढलंय. छान आलंय ना?"

सगळे एक पाऊल मागे सरले. राक्षस असा पटकन कबूल करेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"पोलिसाला बोलवा," पिम म्हणाला. "तोवर हलू देऊ नका याला. गळा बघा, गळा!"

मिसेस डॅबनीने अंक त्याच्या तोंडाशेजारी धरला. ती बराच वेळ बघत राहिली. "काहीतरी चुकतंय. याचा डाग डावीकडे आहे. चित्रातल्याचा उजवीकडे."

"तुझ्या उजवीकडे की त्याच्या उजवीकडे?" टकवेलने विचारलं.

"त्याच्या, चित्रातल्या माणसाच्या!"

"चित्राला कसली आलीय उजवी-डावी!"

"मग उलटं धरून बघ."

टकवेलने अंक उलटा केला. मागच्या बाजूला पोटदुखीच्या गोळ्यांची जाहिरात होती. तो ती गंभीरपणे बघत राहिला.

"ॲम्ब्रोस," मिसेस डॅबनी एकदम म्हणाली, "उजवीकडे तर तुझ्या आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खरंच होता. जबड्याखाली, काळपट, घट्टा पडलेला.

"पोतं घासतं तिथे!" टकवेल म्हणाला. "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे!"

"मला काय ठाऊक? मी काय तुझ्या पोत्यामागून फिरते?"

"आणि तुझ्या दोन्हीकडे आहेत, त्याचं काय?"

मिसेस डॅबनीचे हात झटकन मानेकडे गेले. "कावडीचे आहेत ते! पहाटेपासून दुधाच्या बादल्या वाहते मी, तुझ्या बायकोच्या चहासाठी!"

पिमने हळूच रुमाल गळ्याभोवती ओढून घेतला, ते कुणाच्या तरी नजरेतून सुटलं नाही. मग काय, जो तो दुसऱ्याची मान बघायला लागला. कुणाला पट्ट्याचा वण, कुणाला दोराचा, एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मानेवर वाकून वाकून गाठच आलेली. दारात उभे असलेले सासरे मोठ्याने हसले. तेव्हा टकवेल म्हणाला, "टॅपस्कॉटसाहेब, जरा कॉलर खाली करा बघू."

"मी? माझा काय संबंध?"

"करा ना, मिस्टर टॅपस्कॉट," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या चारचौघांत नवऱ्याला असंच म्हणायच्या. "कांजी केलेली कॉलर कापते म्हणून रोज मला मलम लावायला लावता, ते दाखवा की."

सासऱ्यांनी कॉलर खाली केली नाही, पण ते आत गेले. या गडबडीत झेलेन्काने घड्याळ पाहिलं, सगळ्यांना अदबीने नमस्कार केला आणि गोदीची वाट धरली. कुणी अडवलं नाही. ज्याचा त्याचा हात आपापल्या गळ्यावर होता.

गर्दी पांगल्यावर सासूबाई मात्र पोटमाळ्याची किल्ली एप्रनच्या खिशात टाकून दारात उभ्या राहिल्या. "आज गळे तपासले, उद्या काचा फोडतील," त्या म्हणाल्या. "त्याचं सामान खाली आणून ठेव, थर्झा."

थर्झा हलली नाही. "जिना अरुंद आहे, आई," ती म्हणाली. "एकटीला नाही जमायचं. एडविन आला की बघू."

हा 'बघू' सासूबाईंना ओळखीचा वाटला असावा. त्यांनी सुनेकडे पहिल्यांदाच जरा थांबून पाहिलं.

दुपारी ती तिघं आली. झेलेन्काच्या पाठीवर गाठोडं, बायकोच्या हातात उसवलेली टोपली, आणि मध्ये एक मुलगी, बन खाऊन तोंड चिकट झालेली. सासूबाईंनी बोलायला तोंड उघडलं. पण मुलगी बापाचा हात सोडून थेट काचेकडे धावली. तिने दोन्ही तळवे काचेवर टेकवले, नाक चपटं केलं आणि आनंदाने काहीतरी ओरडली.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

झेलेन्का लाजला. "म्हणतेय, बाबा तिथे आहेत. कामावरून घरी आलेत आणि मला पांघरूण घालतायत."

सासूबाई बाहेर आल्या. त्या मुलीशेजारी उभ्या राहून त्यांनी चित्र पाहिलं. त्यांच्याच दुकानातलं चित्र, सरदारापासूनचं, पण त्यांनी ते असं बहुधा कधी पाहिलंच नव्हतं. मग किल्ली काढून झेलेन्काच्या बायकोच्या हातात दिली.

"थर्झा, किटली ठेव. आणि एडविनचा लहानपणचा पलंग जिन्याखाली पडलाय, तो काढायला सांग त्याला." दोन पायऱ्या चढून त्या थांबल्या. "आणि यांना म्हणावं, कोबी खिडकी उघडून शिजवायचा."

एवढं झालं, आणि तेव्हापासून मी पार गोंधळून गेलोय. सरदार होतो तेव्हा लोक घाबरले, डॉक्टर झालो तेव्हा घाबरले, माकड झालो तेव्हाही. मी समजत होतो, त्यांना माझी भीती वाटते. पण बदलायचं ते माझं तोंड, आणि ते तर दर वेळी त्यांच्या गल्लीतूनच आलेलं असायचं. मग कोण कुणाला घाबरत होतं? आणि एका चिकट तोंडाच्या मुलीने मला बघून बाप म्हटलं, ते कुठे ठेवायचं? इतकी वर्षं मी वाकलोय तो रक्तासाठी की पांघरुणासाठी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सासरे मात्र खूश आहेत. एकमेकांच्या माना ताडून बघायला लोकांनी तो अंक दोन-दोनदा विकत घेतला. आता त्यांना पुढचं तोंड हवंय. सायकलवरून फिरणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या बायकांची सध्या लोकांना धास्ती वाटतेय म्हणे. "बाईचं तोंड बसव, थर्झा," ते म्हणाले. "तरुण, शिकलेली, आणि फार न बोलणारी. तसल्याच जास्त धोक्याच्या." आणि सुनेकडे बघता बघता जरा अडखळले.

त्यांनी स्वतः पेन्सिलने माझ्या चेहऱ्याभोवती गोल काढून ठेवलाय, भोक कुठे पाडायचं त्याची खूण. मी पुन्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. वर पोटमाळ्यावर व्हायोला वाजतं, मध्येच छोटी पावलं धावतात. रोज सकाळी सासरे विचारतात, "आज करतेस ना?" थर्झा गिरमिट उचलते, माझ्याकडे बघते आणि ते परत ठेवते. "आज नको, बाबा. हात दुखतोय."

मग ती पावाच्या पिठाचा गोळा घेते आणि चांगला जोर लावून मळत बसते.

वाचकहो, मी लाकूड. मला मागता येत नाही. माझ्या वतीने तुम्ही एवढंच मागा, की थर्झाचा हात असाच दुखत राहू दे.